रक्तातला साक्षीदार



पावसाळ्याच्या दिवसांत रानात गवत कापताना एखाद्याला साप चावतो. माणसे धावपळ करून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. तिथे डॉक्टर त्याच्या शिरेत एक औषध सोडतात आणि वेळेवर पोहोचलेला माणूस बहुधा वाचतो. हे औषध येते कुठून, ठाऊक आहे का? ते येते घोड्याच्या रक्तातून. मुंबईला परळ भागात हाफकिन संस्था आहे. तिने हे औषध वर्षानुवर्षे तयार केले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचायचे आणि मात्रा हळूहळू वाढवत न्यायची. घोडा मरत नाही. उलट, त्याचे रक्त त्या विषाला ओळखायला शिकते आणि विषाला घट्ट धरून ठेवणारे पदार्थ तयार करते. त्या रक्तातली निवळ शुद्ध केली की झाले सर्पदंशावरचे औषध.

या धरून ठेवणाऱ्या पदार्थांना शास्त्रात प्रतिपिंड म्हणतात. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो या दोघांनी धनुर्वात आणि घटसर्प यांच्या विषांवर असे पदार्थ जनावरांच्या रक्तात तयार होतात हे दाखवून दिले. तेव्हापासून प्रतिपिंड म्हणजे शरीराचा राखणदार, अशी त्याची ओळख झाली. ती खरीच आहे. पण आज तुम्हाला गोष्ट सांगायची आहे ती वेगळी. हा राखणदार पुढे साक्षीदार कसा झाला, आणि त्याच्या साक्षीने डॉक्टरांची एक मोठी समजूत कशी चुकीची ठरली, ती ही गोष्ट आहे.

आता गोष्टीतले दुसरे पात्र. त्याचे नाव इन्सुलिन.

इन्सुलिन म्हटले की आपल्याला मधुमेह आठवतो आणि मधुमेह म्हटले की साखर. पण इन्सुलिनचे काम साखरेपुरतेच नाही. आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा एक अवयव आहे. त्याच्यात तयार होणारे हे एक छोटेसे प्रथिन शरीरातल्या चरबीचाही कारभार पाहते. घरची जाणती बाई धान्याच्या कणगीकडे कसे लक्ष ठेवते? सुगी झाली की ती म्हणते, "आता भरून ठेवा." आणि घरात दाणागोटा असताना कोणी कणगीला हात घालू लागला तर म्हणते, "थांबा, आत्ताच उपसू नका." इन्सुलिन नेमके हेच करते. जेवण झाले की रक्तात इन्सुलिन वाढते. ते पेशींना सांगते, आलेले अन्न वापरा, उरलेले चरबी म्हणून साठवा, आणि साठवलेली चरबी सध्या फोडू नका.

हा कारभारी घरातून नाहीसा झाला तर काय होते? कणगीला धरबंध राहत नाही. साठवलेली चरबी भराभर फुटते, यकृतात तिच्यापासून आम्ले तयार होतात आणि ती रक्तात साचतात. माणूस खात असतो आणि तरीही वाळत जातो. लहान मुलांना होणारा मधुमेह हा असा असतो. १९२२ च्या आधी अशी मुले फार दिवस जगत नसत. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून हा पदार्थ वेगळा काढण्याचे काम हाती घेतले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याची पहिली सुई टोचली गेली, आणि एका असाध्य रोगावर उपाय मिळाला. गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन मग जगभर जाऊ लागले.

इथवरची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. पण एक प्रश्न तसाच राहिला होता. मधुमेह काही फक्त मुलांनाच होत नाही. चाळिशी-पन्नाशीच्या, चांगल्या भरल्या अंगाच्या माणसांनाही तो होतो, आणि त्यांचीच संख्या फार मोठी आहे. ही माणसे लहान मुलांसारखी वाळत नाहीत. मग त्यांच्या रक्तात इन्सुलिन कमी असते का? असते, तर किती कमी? की त्यांचा रोगच निराळा?

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठेसे? रक्त काढावे आणि मोजावे. पण तिथेच तर घोडे अडले होते. एक घनसेंटीमीटर रक्ताची निवळ घ्या, म्हणजे साधारण वीस थेंब. तीत निरनिराळी प्रथिने असतात, ती सगळी मिळून सुमारे ७० मिलिग्रॅम. आणि उपाशीपोटी इन्सुलिन असते किती? ग्रॅमचे एक अब्ज भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या निम्म्याहूनही कमी! वजनाने पाहिले तर इतर प्रथिनांचे सुमारे वीस कोटी भाग आणि त्यात इन्सुलिनचा एक भाग. गुरुजींनी मुलांना हे असे सांगावे: साठेक क्विंटल ज्वारीची रास घाला. तीत साधारण वीस कोटी दाणे असतील. त्या राशीत एकच दाणा वेगळा आहे. तो शोधायचा आहे.

तराजू तिथे काय करणार? काही शास्त्रज्ञ उंदराच्या अंगातला चरबीचा तुकडा काढून त्यावर माणसाच्या रक्ताची निवळ घालत आणि तो तुकडा किती साखर शोषून घेतो यावरून इन्सुलिनचा अंदाज बांधत. पण रक्तातले इतर पदार्थही त्या तुकड्यावर परिणाम करत. त्यामुळे हाती येई तो अंदाजच; माप नव्हे.

आता आपण न्यू यॉर्क शहरात जाऊ. तिथल्या ब्राँक्स भागात निवृत्त सैनिकांसाठी चालवलेले एक सरकारी रुग्णालय आहे. १९४७ साली रोझलिन यॅलो नावाच्या एक बाई तिथे काम करू लागल्या. झाडूवाल्याचे सामान ठेवायची एक खोली होती, तीच त्यांनी आपली प्रयोगशाळा केली.

या बाईंची हकीकत थोडी सांगायला हवी. १९२१ साली त्या न्यू यॉर्कमध्येच जन्मल्या. आईवडील दोघेही हायस्कूलपर्यंत शिकलेले नव्हते. पण मुलांनी शिकावे हा त्यांचा निर्धार होता. मादाम क्यूरींचे त्यांच्या मुलीने लिहिलेले चरित्र रोझलिनने वाचले आणि आपणही पदार्थविज्ञानच शिकायचे असे ठरवले. पण १९४१ च्या सुमारास मुलीला, त्यातून ज्यू घरातल्या मुलीला, पदार्थविज्ञानाच्या वरच्या वर्गात प्रवेश मिळणे फार अवघड होते. म्हणून तिने एका प्राध्यापकांकडे सेक्रेटरीची नोकरी धरली आणि लघुलेखन शिकायचे कबूल केले. एवढ्यात युद्धामुळे मुलगे सैन्यात जाऊ लागले आणि विद्यापीठांत जागा रिकाम्या पडल्या. इलिनॉय विद्यापीठाने तिला बोलावले. लघुलेखनाची पुस्तके तिने फाडून टाकली! तिथे त्या महाविद्यालयातल्या सुमारे ४०० शिकवणाऱ्यांत ती एकटीच स्त्री होती. १९४५ साली तिला डॉक्टरेट मिळाली.

ब्राँक्सच्या रुग्णालयात १९५० साली त्यांना सॉलोमन बर्सन हे तरुण डॉक्टर सहकारी म्हणून मिळाले. बाई पदार्थविज्ञानाच्या, डॉक्टर वैद्यकाचे. एकाने विचारावे, दुसऱ्याने उलटतपासणी घ्यावी, अशी दोघांची जोडी बावीस वर्षे टिकली.

त्या काळी आर्थर मर्स्की या संशोधकांचे एक मत चर्चेत होते. ते असे की, प्रौढ मधुमेहींच्या अंगात इन्सुलिन तयार होते, पण यकृतातला एक पदार्थ ते वाजवीपेक्षा लवकर नष्ट करतो. यॅलो आणि बर्सन यांनी ठरवले, हे पाहू या. त्यांनी इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडीन जोडले. किरणोत्सारी म्हणजे सतत किरण सोडणारे. त्यामुळे ते कुठे आहे नि किती आहे हे यंत्राला कळते. जनावराच्या गळ्यात घंटा बांधली म्हणजे ते झाडीत दिसले नाही तरी त्याचा ठाव लागतो ना, तसेच हे. हे घंटा बांधलेले इन्सुलिन त्यांनी काही लोकांना टोचले, आणि ते रक्तातून किती वेळात नाहीसे होते ते पाहिले.

मर्स्कींचे म्हणणे खरे असते तर मधुमेहींच्या रक्तातून ते लवकर नाहीसे व्हायला हवे होते. झाले उलटेच. काही मधुमेहींच्या रक्तात ते बराच वेळ रेंगाळत राहिले.

असे उलटे उत्तर आले की आपण काय करतो? यंत्र बिघडले म्हणतो, नाहीतर तो आकडा बाजूला सारतो. या दोघांनी तसे केले नाही. त्यांनी नीट पाहिले: कोणाच्या रक्तात रेंगाळते आणि कोणाच्या नाही? तेव्हा ध्यानात आले की, ज्या मधुमेहींनी पूर्वी कधीच इन्सुलिन घेतलेले नव्हते त्यांच्या रक्तातून ते नेहमीसारखेच जाते. रेंगाळते ते फक्त पूर्वी इन्सुलिन टोचून घेतलेल्यांच्या रक्तात. शिवाय मधुमेह मुळीच नसलेले, पण मनोविकारावर उपचार म्हणून इन्सुलिन टोचलेले काही रुग्ण होते, त्यांच्याही रक्तात ते रेंगाळले. म्हणजे कारण रोगात नव्हते; कारण पूर्वीच्या सुयांमध्ये होते.

मग त्यांनी त्या रक्ताची निवळ कागदाच्या पट्टीवर घालून विजेच्या प्रवाहाने तिच्यातली प्रथिने अलग केली. सुटे इन्सुलिन कागदाला जिथल्या तिथे चिकटून बसते. पण या रुग्णांच्या निवळीतले इन्सुलिन ग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनांबरोबर पुढे सरकले. प्रतिपिंडे असतात ती याच प्रथिनांत. उलगडा झाला! गाईबैलांचे, डुकरांचे इन्सुलिन माणसाच्या अंगात वारंवार गेले. माणसाच्या रक्ताने ते परके म्हणून ओळखले, जसे घोड्याच्या रक्ताने सापाचे विष ओळखले. आणि त्याला धरून ठेवणारी प्रतिपिंडे तयार केली. धरून ठेवलेले इन्सुलिन रक्तातून लवकर जाणार कसे?

पण त्या वेळच्या जाणत्यांना हे पटेना. इन्सुलिनसारख्या इतक्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड तयार होतच नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध नियतकालिकाने लेख परत पाठवला. दुसऱ्यानेही १९५५ साली आधी नकारच दिला. अखेर तडजोड झाली. लेखाच्या मथळ्यातून 'प्रतिपिंड' हा शब्द काढून टाकायचा आणि 'इन्सुलिनला धरणारे ग्लोब्युलिन' असे म्हणायचे. लेखात मात्र त्यांनी एका प्रचलित पाठ्यपुस्तकातली प्रतिपिंडाची व्याख्या घेतली, आणि आपल्याला सापडलेला पदार्थ त्या व्याख्येत कसा बसतो ते एकेक करून दाखवले. १९५६ साली लेख छापला गेला. नकाराचे ते पत्र बाईंनी जपून ठेवले होते. पुढे एकवीस वर्षांनी एका फार मोठ्या सभेत त्यांनी ते लोकांना दाखवले. ती सभा कोणती, ते ओघाने येईलच.

आता खरी खुबी पाहा. प्रतिपिंड इन्सुलिनला ओळखते, हे कळले. मग या दोघांच्या मनात विचार आला: वीस कोटींच्या गर्दीत जे प्रतिपिंड नेमक्या इन्सुलिनचाच हात धरते, त्यालाच आपण साक्षीदार का करू नये? इन्सुलिन किती आहे, ते त्यालाच विचारू.

विचारायचे कसे, ते एका उदाहरणाने सांगतो. नदीला पाणी आहे. अलीकडच्या तीरावर यात्रेची गर्दी आहे. पलीकडच्या तीरावर तुम्ही उभे आहात. तुम्हाला अलीकडची गर्दी दिसत नाही. मध्ये नाव आहे. तीत नेमक्या शंभर जागा आहेत, आणि ती फक्त आपल्याच गावच्या माणसांना घेते. गावची किती माणसे यात्रेला आली आहेत, हे तुम्हाला पलीकडे बसून मोजायचे आहे.

तुम्ही आधीच गावच्या शंभर माणसांच्या कपाळाला भंडारा लावून त्यांना गर्दीत सोडले. आता बिनभंडाऱ्याचे गावचे दुसरे कोणीच आले नसेल, तर नाव पलीकडे लागेल तेव्हा शंभरच्या शंभर कपाळे पिवळी दिसतील. बिनभंडाऱ्याची शंभर माणसे आली असतील तर जागांसाठी दोघांत चढाओढ होईल. नावाडी कोणाची भीड धरत नाही. तेव्हा सुमारे पन्नास कपाळे पिवळी दिसतील. बिनभंडाऱ्याची तीनशे असतील तर एकूण चारशेंतून शंभर चढणार; पिवळी साधारण पंचवीस. नऊशे असतील तर पिवळी दहाच. म्हणजे पिवळी कपाळे जितकी कमी, तितकी गावची माणसे जास्त. न पाहिलेल्या गर्दीचा हिशेब तुम्हाला नुसती पिवळी कपाळे मोजून लागला!

नाव म्हणजे प्रतिपिंड. भंडारा लावलेली माणसे म्हणजे किरणोत्सारी इन्सुलिन. बिनभंडाऱ्याची माणसे म्हणजे रुग्णाच्या रक्तातले त्याचे स्वतःचे इन्सुलिन. पलीकडे बसून मोजणारा म्हणजे किरण मोजणारे यंत्र. एवढीच ती युक्ती. यॅलो आणि बर्सन यांनी गिनिपिग या लहान प्राण्यांना गाईबैलांचे इन्सुलिन टोचले. गिनिपिगांचे स्वतःचे इन्सुलिन फार निराळे असते, म्हणून त्यांच्या रक्तात त्याविरुद्ध उत्तम प्रतिपिंडे तयार झाली, आणि ती माणसाच्या इन्सुलिनलाही चांगली धरत. १९५९ साली त्यांनी ही रीत थोडक्यात जाहीर केली आणि १९६० साली सविस्तर मांडली. मूळचे निष्कर्ष पटवून देण्यापासून हे माप सिद्ध होईपर्यंत त्यांची कित्येक वर्षे खर्ची पडली होती. सारे हिशेब दोघे स्वतः तपासत.

आणि माप हाती येताच पहिला धक्का बसला. प्रौढ मधुमेहींना साखरेचे पाणी पाजून त्यांचे रक्त तपासले, तेव्हा पुष्कळांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हते. ते जरा उशिराने वाढे. पण वाढे तेव्हा निरोगी माणसांपेक्षाही जास्त आढळे. कारभारी घरातच होता, आणि हाकाही मारीत होता. पण घरातली माणसे त्याचे ऐकेनाशी झाली होती. पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, हा या प्रकारच्या मधुमेहाचा एक मुख्य दोष आहे, ही आजची समजूत त्या मापावर उभी आहे. पुढे हाका मारून मारून कारभारीही थकतो आणि मग इन्सुलिन खरोखरच कमी पडू लागते. मुलांचा मधुमेह आणि प्रौढांचा मधुमेह हे दोन निराळे विकार आहेत, हे असे आकड्यांनिशी दिसून आले. ज्या रोग्याच्या अंगात इन्सुलिन भरपूर आहे, त्याला आणि ज्याच्या अंगात ते नाहीच, त्याला एकाच मापाने कसे मोजायचे? आज डॉक्टर एकाला सुई देतात, तर दुसऱ्याला आधी वजन कमी करायला, चालायला आणि गोळी घ्यायला सांगतात, त्याच्यामागे हा फरक आहे.

पण साक्षीदार कितीही खरा असला तरी त्याची साक्ष तपासावी लागते, हेही इथेच सांगून ठेवतो. १९६७ साली शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी असे दाखवले की, स्वादुपिंडात इन्सुलिन आधी एका लांब साखळीच्या रूपात तयार होते आणि मग तिचा मधला तुकडा गळून पडतो. या लांब साखळीचाही थोडा भाग रक्तात उतरतो. पूर्वीची प्रतिपिंडे या दोहोंत भेद करीत नसत. मोठ्या भावाला पाहून "हाच तो धाकटा" म्हणावे, तशी ती साक्ष होती. मूळ निष्कर्ष त्याने ढासळला नाही. पण पुढच्या शास्त्रज्ञांना दोघांना वेगळे ओळखणारी प्रतिपिंडे तयार करावी लागली. म्हणून जाणते संशोधक आजही नवे प्रतिपिंड हाती आले की त्याची परीक्षा घेतात. ज्या नमुन्यात ते प्रथिन नक्की आहे तिथे ते "हो" म्हणते का, एवढेच पाहून भागत नाही. ज्या नमुन्यात ते नक्की नाही तिथे ते "नाही" म्हणते का, हेही पाहावे लागते. खोटे "हो" म्हणणारा साक्षीदार हा गप्प बसणाऱ्यापेक्षा अधिक घातक.

या रीतीचे पेटंट घ्यावे, पैसे मिळवावे, असे त्या दोघांनी केले नाही. जो कोणी शिकायला येईल त्याला ती शिकवली. थोड्याच वर्षांत जगभर याच युक्तीने कितीतरी अंतःस्राव मोजले जाऊ लागले.

बर्सन मात्र १९७२ साली, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी वारले. बाईंनी आपल्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले, का तर पुढे निघणाऱ्या प्रत्येक लेखावर बर्सन हे नाव यावे. १९७७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक रोझलिन यॅलो यांना मिळाले. त्या वर्षी ते आणखी दोघा शास्त्रज्ञांत वाटले गेले होते. मृतांना ते पारितोषिक देत नाहीत, म्हणून बर्सन त्यात नव्हते. वैद्यकात हा मान मिळालेल्या त्या जगातल्या दुसऱ्या स्त्री. नकाराचे ते जुने पत्र त्यांनी दाखवले ते याच वेळी, आपल्या नोबेल व्याख्यानात. २०११ साली त्या वारल्या.

ही विद्या आपल्याकडेही आली. मुंबईत परळला १९६३ साली अणुशक्ती खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले, आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी अशा तपासणीचे संच देशातच तयार केले. ज्या परळमध्ये घोड्याच्या रक्तातले राखणदार बाटलीत भरले जात, त्याच परळमध्ये प्रतिपिंड साक्षीदार म्हणूनही उभे राहिले.

पुढे साक्षीदाराची जात सुधारत गेली. १९७१ साली स्टॉकहोममध्ये एवा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी किरणोत्सारी पदार्थाऐवजी रंग उमटवणारे विकर प्रतिपिंडाच्या तपासणीत वापरून दाखवले. १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझर मिल्स्टाईन यांनी एकाच जातीचे शुद्ध प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची रीत शोधली. गावरान मिसळ बियाण्याच्या जागी एकजात निवडक बियाणे यावे, तसे ते झाले.

चरबीच्या कारभारातली इतर पात्रेही मग एकेक करून सापडत गेली. एकाचेच नाव घेतो. यकृताच्या पेशींवर रक्तातले कोलेस्टेरॉलचे कण उचलून घेणारे हात असतात. पीसीएसके-९ नावाचे एक प्रथिन त्या हातांचा नाश घडवते. हात कमी झाले की रक्तात कोलेस्टेरॉल साचते. २००३ साली फ्रान्समधल्या अतिशय कोलेस्टेरॉल असलेल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून या प्रथिनाचे महत्त्व ध्यानात आले. आज रक्तातले ते प्रथिन प्रतिपिंडांनीच मोजतात. एवढेच नव्हे, तर २०१५ सालापासून त्या प्रथिनाला धरून ठेवणारी प्रतिपिंडे औषध म्हणूनही वापरात आली. राखणदार साक्षीदार झाला होता. तो पुन्हा राखणदार झाला.

आणि हे सारे दूरदेशीचे आहे असे समजू नका. गावातल्या आशाताईंच्या पिशवीत गरोदरपणाची तपासणी करणारी एक पट्टी असते. लघवीचे चार थेंब टाकले की तिच्यावर रेघ उमटते. २०२० नंतर कोरोनाच्या साथीत नाकातला स्राव घेऊन पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारी पट्टी तुम्ही पाहिली असेल. त्या रेघेच्या जागी प्रतिपिंडेच बसवलेली असतात. अलोट गर्दीतून ओळखीचा एकच पदार्थ ती हाताला धरतात, आणि रेघ उमटवून सांगतात, "हा पाहा, इथे आहे."

गुरुजनांना शेवटी एक विनंती. ही गोष्ट वर्गात सांगाल तेव्हा नोबेल पारितोषिकापाशी थांबू नका. तो दिवस सांगा, ज्या दिवशी अपेक्षेच्या नेमके उलट उत्तर आले आणि दोन माणसांनी ते खोडले नाही. आपल्या वर्गातही एखाद्या मुलाचे उत्तर पुस्तकातल्या उत्तरापेक्षा निराळे येते. बहुतेक वेळा ते चुकलेलेच असते. पण ते खोडण्याआधी एकदा विचारावे, "बाळ, हे तुला कसे मिळाले?" मुलाला आपली रीत सांगता आली पाहिजे, आणि आपण ती ऐकून घेतली पाहिजे. ब्राँक्सच्या त्या झाडूच्या खोलीत याहून वेगळे काही घडले नव्हते.